मॉनिटरला जोडलेल्या स्पीकरमधून सतत घूं आवाज येतो, स्पीकर बदलू का?

एवढ्यात बदलू नका. लॅपटॉप एचडीएमआयने मॉनिटरला, मॉनिटरच्या मागच्या हेडफोन जॅकला स्पीकर आणि गाणं बंद असलं तरी घूं चालूच, असं तुम्ही लिहिलंय. माझ्याकडेही अगदी हीच जोडणी होती.

आधी स्पीकरची पिन मोबाइलला लावून बघा, मोबाइल चार्जिंगला न लावता. आवाज गेला तर स्पीकर ठणठणीत आहेत.

माझे स्पीकर यूएसबीवर चालणारे, आणि ती यूएसबी मी लॅपटॉपलाच लावली होती. रात्री घर सामसूम झालं की घूं ठळक ऐकू यायची, आणि माउस हलवला की तिच्यात बारीक चिरचिर मिसळायची. त्या चिरचिरीवरूनच उलगडा झाला. स्पीकरची ग्राउंड, म्हणजे करंट परत जाण्याची सामाईक तार, लॅपटॉपपर्यंत दोन वाटांनी पोचत होती: एक यूएसबीतून, दुसरी मॉनिटर आणि एचडीएमआयमधून. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. त्या वेटोळ्यात फिरणारा नको असलेला करंट स्पीकर मोठा करून ऐकवतो. यूएसबी काढून मोबाइलच्या चार्जरला लावली, चिरचिर तिथल्या तिथे थांबली.

थोडी घूं तरीही उरली. मॉनिटरचा व्हॉल्यूम होता 20 आणि स्पीकरचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलेलं. मॉनिटर 85 वर नेला, स्पीकर कमी केला, तेव्हा कान निवले.

तुमचे स्पीकर भिंतीतल्या सॉकेटवर चालत असतील तर लॅपटॉप, मॉनिटर, स्पीकर सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरीही 50 हर्ट्झची ती जाड घूं राहिली तर ऑडिओ केबलच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर बसवा. लहानशी डबी असते, आत ट्रान्सफॉर्मर असतात. स्वस्तातल्या डबीने बेस थोडा पातळ होतो, पण चालतं.

एक मात्र कळकळीने सांगतो, थ्री पिनची अर्थिंगची जाड पिन कुणाच्याही सांगण्यावरून तोडू नका. घूं जाईलही, पण उद्या आत वायर सुटली तर धातूच्या बॉडीला हात लावताच शॉक बसेल.

शेवटी मॉनिटरचा ब्राइटनेस 100 वरून 30 वर आणा. त्याबरोबर आवाजाचा सूर बदलला तर दोष मॉनिटरच्या बॅकलाइटचा. मग मॉनिटरला मध्ये घेऊच नका, स्पीकर थेट लॅपटॉपच्या जॅकला लावा.