खुराडं आणि मधपेट्या: विष नको, करंट नको, जाळीचा पदर घाला

प्रश्न: ४० देशी कोंबड्या आणि ६ मधपेट्या एकाच कुंपणात आहेत. सहा फुटी कोंबडीजाळी लावली, तरी महिन्याभरात ११ कोंबड्या गेल्या. दुकानदार म्हणतो, कडेनं दाणेदार विष टाका आणि तारेत लाइनचा करंट सोडा. काय करू?

दोन्ही करू नका. आज नाही, उद्या नाही, "एकच रात्र" म्हणूनही नाही. घरातल्या लाइनची वीज तारेत सोडली की पहाटे ओल्या गवतातून येणारं आपलंच माणूस आधी चिकटतं. वीज वापरायचीच असेल तर झटका मशीनमधूनच. त्याचा झटका सेकंदाला एखादा आणि क्षणभराचा असतो, म्हणून जनावर दचकून मागं सरतं आणि जगतं. झटका कमी वाटला की दुकानदार मोठं मशीन गळ्यात मारतो. बहुतेक वेळा दोष मशीनचा नसतो. अर्थिंगची सळई कोरड्या मातीत उभी असते किंवा गवत तारेला टेकलेलं असतं. आधी ते बघा.

विषाचं तेच. "एका मुठीनं भागलं नाही तर दोन टाका" हा सल्ला मी फार ऐकलाय. दाणे मुंगसाच्या आधी कोंबडी टिपते. विष खाऊन मेलेला उंदीर कोंबड्याच ओढून खातात, मांजर खातं, घुबड खातं. मधमाश्या ओल्या मातीतून पाणी शोषतात, त्यामुळे दाणेदार औषधावर पाणी पडलं की पेट्याही रिकाम्या होतात. प्रमाण कमी-जास्त करण्याचा प्रश्नच नाही, कुंपणाच्या आत-बाहेर विष नकोच. फिनेल किंवा गंधक शिंपडून सापही थांबत नाही.

आता जाळीकडे या. षटकोनी भोकांची कोंबडीजाळी कोंबडी आत राहावी म्हणून असते, शत्रू बाहेर राहावा म्हणून नाही. कुत्रं ती दातानं फाडतं, रानमांजर पंजा घालून कोंबडीची मान बाहेर ओढतं. अर्धा इंची चौकोनी वेल्डमेश, म्हणजे तारांचे सांधे वेल्डिंगनं जोडलेली जाळी, घ्या. दुकानात गेज विचारा आणि आकड्याला फसू नका, कारण आकडा मोठा तितकी तार बारीक. १६ गेजची तार साधारण १.६ मिलिमीटर असते, २२ गेजची जेमतेम ०.७. जाळी नुसत्या यू-खिळ्यांवर ठोकू नका, ते उपटतात. पट्टी ठेवून स्क्रू आणि वॉशरनं आवळा. पिल्लं असतील तर खालचे दोन फूट पाव इंची जाळी लावा. वरूनही जाळी हवीच. घार आणि शिक्रा दिवसा येतात, रानमांजर रात्री चढून येतं.

माझा सगळ्यात जास्त आग्रह पदराचा. जाळी भिंतीशी संपवू नका. तळाशी काटकोनात वाकवून बाहेरच्या बाजूला दोन फूट जमिनीवर पसरा, दगड-माती टाकून दाबा. वर गवत उगवलं की दिसतही नाही. कोल्हा, कुत्रं, मुंगूस सगळे भिंतीच्या बुडाशीच उकरतात. तिथं नखाला जाळी लागते. दोन फूट मागं सरून उकरायचं त्यांना सहसा सुचत नाही. खोल चर खणायची मेहनत वाचते. उकरून आत येणारा पदरानं थांबला नाही, असं मी क्वचितच पाहिलंय, आणि तिथंही पदर दाबलेला नव्हता.

मग राहतं दार. बऱ्याच ठिकाणी जाळी उत्तम असते आणि दाराखाली दोन बोटांची फट. मुंगसाचं डोकं शिरलं की अंग शिरतं. दाराला पक्का उंबरठा द्या, बिजागरीच्या बाजूलाही बोट घालून बघा. वाकवलेल्या खिळ्याची कडी चालणार नाही, कोयंडा आणि वर चाप लावा.

शत्रू कोण हे आधी ओळखा. संध्याकाळी उंबरठ्यापुढे चाळलेली राख हातभर पसरा, सकाळी पावलं उमटलेली दिसतात. अंडं टरफलासकट गायब, तर बहुधा साप किंवा घोरपड. पाच-सहा कोंबड्या मारून न खाता टाकलेल्या, तर बहुधा कुत्रं. आणि वेळ सांभाळा: अंधार पडल्यावर नव्हे, पडण्याआधी दार बंद. मुंगूस दिवसाचं शिकारी आहे, म्हणून "दिवसा काय होतंय" म्हणत कोंबड्या फिरतात ते आवारही उघडं ठेवू नका.

पेट्या कोंबड्यांपासून वेगळ्या करा. माश्या चवताळल्या तर बंदिस्त कोंबडीला पळायला जागा नसते. मध्ये पुरुषभर उंचीचा आडोसा घाला आणि पेटीची तोंडं पलीकडे करा. पेट्यांवर जाळीचं छत नको, माश्यांचा येण्याजाण्याचा मार्ग अडतो. अस्वलाचा वावर असेल तर मात्र जाळी निरुपयोगी, तिथं झटका तारच लागते. ती पेट्या मांडण्याआधी चालू हवी. एकदा मध चाखलेलं अस्वल हटत नाही.

प्रश्न: पेटीच्या दाराशी गांधीलमाश्या आणि खाली मुंग्या. फवारणी करू का? दुकानदारानं मेणकिड्यासाठी (पोळ्यातलं मेण खाणारी अळी) डांबरगोळ्याही दिल्यात.

फवारणी नको. जी गांधीलमाशीला मारते ती मधमाशीलाही मारते. पेटीचं दार एक-दोन माश्या जातील इतकं अरुंद करा. मुंग्यांसाठी पेटी ठेवायच्या घोडीच्या (स्टँडच्या) पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, गवताची काडीही पूल होऊ देऊ नका. डांबरगोळ्या परत करा, त्यांचा अंश मेणात आणि मधात उतरतो. मेणकिडा कमजोर वसाहतीत माजतो, जास्तीच्या रिकाम्या फ्रेम काढून घ्या.

प्रश्न: नवं कुंपण ५० फुटांवर बांधतोय. पेट्या कधी हलवू? अनुदान मिळेल का?

अनुदानाचा अर्ज आणि मंजुरी काम सुरू करण्याआधी घ्या. पेट्या मात्र एका रात्रीत ५० फूट उचलू नका. चारा गोळा करणाऱ्या माश्या जुन्या जागीच परततात आणि तिथंच घुटमळून मरतात. ठोकाठोक पूर्ण संपू द्या, मग रोज संध्याकाळी उडणं थांबल्यावर हातभर सरकवत न्या.