एकल पालकांच्या मुलांसाठी स्मृती-शिष्यवृत्ती : वाचकांचे प्रश्न

दिवंगत आप्तांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू करू इच्छिणारी कुटुंबे, ती चालवणारे विश्वस्त आणि तिच्यासाठी अर्ज करणारी घरे, अशा तिन्ही बाजूंनी आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. प्रश्न संक्षिप्त केले असून ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : आम्ही लहान असतानाच वडील गेले. आईने प्राथमिक शाळेत नोकरी करून आम्हा तिघा भावंडांना शिकवले. तिच्या स्मृतिप्रीत्यर्थ एकल पालकांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती सुरू करायची आहे. आमच्याजवळ दहा लाख रुपये आहेत. स्वतंत्र ट्रस्ट काढावा की एखाद्या संस्थेकडे रक्कम सोपवावी? (सांगली)

उत्तर : एवढ्या रकमेसाठी स्वतंत्र ट्रस्ट काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये ट्रस्ट स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. त्यानंतर दरवर्षी हिशेबतपासणी, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज आणि प्राप्तिकराच्या सवलतीसाठी वेगळी नोंदणी, हे सगळे ओघाने येते. दहा लाखांवर साडेसहा टक्के व्याज धरले तर वर्षाला ६५ हजार रुपये हाती येतील, आणि त्यातला बराच भाग कागदपत्रांवर जाईल. ज्या महाविद्यालयाचा किंवा शिक्षणसंस्थेचा हिशेब चोख आहे आणि जिला धर्मादाय संस्था म्हणून प्राप्तिकराची नोंदणी आहे, तिच्याकडे रक्कम सोपवून आईच्या नावाने स्वतंत्र निधी ठेवणे हिताचे ठरेल.

रक्कम देताना ‘ही देणगी कायम निधीसाठी आहे’ असे पत्र अवश्य द्यावे. असा लेखी निर्देश नसेल तर ती संस्थेच्या चालू खर्चात मिसळण्याची शक्यता राहते. त्याच पत्रात पात्रतेचे निकष, रक्कम कोणत्या महिन्यात द्यायची, निवड समितीत कुटुंबातील एक जण असेल की नाही आणि एखाद्या वर्षी पात्र विद्यार्थी मिळाला नाही तर व्याजाचे काय करायचे, हे लिहून ठेवावे.

आता मूळ विचार ‘कायम’ या कल्पनेचा. महागाई वर्षाला पाच टक्क्यांनी वाढत राहिली तर आजच्या ६५ हजारांची किंमत सुमारे चौदा वर्षांत निम्म्यावर येते. जुन्या महाविद्यालयांच्या वार्षिक अहवालांत शंभर-दीडशे रुपयांची पारितोषिके दिसतात. ज्या काळात ती सुरू झाली त्या काळात त्या रकमेला अर्थ होता, आता तिच्यात एक पाठ्यपुस्तकही येत नाही. हे टाळायचे असेल तर व्याजाचा सुमारे तीन चतुर्थांश हिस्सा दरवर्षी मुद्दलात परत घालावा लागतो. प्राप्तिकराच्या नियमांप्रमाणे धर्मादाय संस्थेने वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करणे अपेक्षित असते, आणि १५ टक्क्यांहून अधिक शिल्लक ठेवायची तर कारण व मुदत कळवावी लागते. छोट्या ट्रस्टला हा नियम अडचणीचा ठरतो, परंतु मोठ्या संस्थेचा खर्च एकत्रित मोजला जात असल्याने तिला तो फारसा जाचत नाही. स्वतंत्र ट्रस्ट नको म्हणण्यामागचे हेही एक कारण आहे.

दुसरा मार्ग मला व्यक्तिशः अधिक पटतो. निधी कायम न ठेवता दहा वर्षांत संपवण्याचे ठरवले तर त्याच व्याजदराने दरवर्षी, वर्षअखेरीस, सुमारे १ लाख ३९ हजार रुपये खर्च करता येतात. एवढ्यात तीन विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचा व खानावळीचा मोठा भार सलगपणे उचलता येतो. आईचे नाव फलकावर शंभर वर्षे राहणार नाही, हे खरे आहे. मात्र तिच्या नावाने काही मुले पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत निश्चिंतपणे शिकतील. तिघा भावंडांनी एकत्र बसून हा निर्णय घ्यावा.

प्रश्न : आमच्या न्यासाच्या शिष्यवृत्तीसाठी विधवांच्या मुलांबरोबरच घटस्फोटित, परित्यक्ता आणि बेपत्ता व्यक्तींच्या मुलांचेही अर्ज येतात. ‘एकल पालक’ नेमके कोणाला म्हणावे आणि कोणते पुरावे मागावेत? (नाशिक)

उत्तर : बहुतेक न्यास येथेच चुकतात. ज्यांच्याकडे कागद आहे त्यांना एकल मानायचे आणि ज्यांच्याकडे तो नाही त्यांना वगळायचे, अशी पद्धत पडून गेली आहे. विधवेकडे पतीच्या मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटितेकडे न्यायालयाचा हुकूमनामा असतो. नवऱ्याने टाकलेल्या बाईकडे काहीच नसते. हिंदू विवाह कायद्यानुसार परित्यागाच्या कारणावरून घटस्फोट मागायचा तरी सलग दोन वर्षे परित्याग झालेला असावा लागतो, आणि त्यानंतर वकील, तारखा, प्रवास हे सगळे आलेच. शेतमजुरी करणारी किंवा धुणीभांडी करणारी स्त्री त्या वाटेला जात नाही. म्हणजे सर्वांत अधिक गरज असलेले घर कागदाअभावी बाहेर राहते.

बेपत्ता माणसाच्या कुटुंबाची स्थिती याहून अवघड असते. सात वर्षे ज्याची काही खबर नाही तो मृत असल्याचे कायदा गृहीत धरतो, त्याआधी नाही. वडील नाहीसे झाले तेव्हा आठवीत असलेला मुलगा ही मुदत संपेपर्यंत पदवीच्या शेवटच्या वर्षाला पोहोचतो.

विदर्भ-मराठवाड्यातून अर्ज येत असतील तर आणखी एक दक्षता घ्यावी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत द्यायची की नाही, हे जिल्हास्तरीय समिती ठरवते आणि प्रकरणे ‘पात्र’ व ‘अपात्र’ अशी विभागली जातात. जमीन स्वतःच्या नावावर नसणे किंवा कर्ज बँकेचे नसून विनापरवाना सावकाराचे असणे, अशा कारणांनीही प्रकरण अपात्र ठरू शकते. खाजगी न्यासाने ही विभागणी आपल्या निकषांत आणण्याचे काहीही कारण नाही, कारण अपात्र ठरलेल्या घरातले मूलही तितकेच पोरके असते.

म्हणून नियमावलीत व्याख्या अशी ठेवावी : ‘ज्या विद्यार्थ्याच्या संगोपनाचा व शिक्षणाचा भार प्रत्यक्षात एकट्या आईवर अथवा एकट्या वडिलांवर आहे, असा विद्यार्थी.’ मृत्यूचा दाखला किंवा हुकूमनामा असेल तर तो घ्यावा. नसेल तर पालकाचे साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र आणि मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा ग्रामसेवक यांपैकी कोणा एकाचे पत्र पुरेसे मानावे. शंका वाटली तर न्यासाच्या माणसाने घरी जाऊन यावे. दाखल्यांची चळत तपासण्यापेक्षा त्यात कमी वेळ जातो. क्वचित कोणी खोटी माहिती देईलही. ती एक रक्कम वाया जाण्याचा धोका पत्करावा, परंतु त्या भीतीने दहा खऱ्या अर्जदारांना दारातून परत पाठवू नये.

वडील घरात आहेत, पण व्यसनामुळे कमाई शून्य आहे, असेही अर्ज येतात. व्याख्येत ते बसत नाहीत. तरीही दरवर्षी एक जागा समितीच्या विवेकाधीन ठेवावी, असे मी सुचवेन.

प्रश्न : मी पाच वर्षांपासून नवऱ्यापासून वेगळी राहते. घटस्फोट झालेला नाही. मुलगी बारावीत आणि मुलगा सातवीत आहे. प्रत्येक अर्जावर वडिलांची सही मागतात. आम्हाला कोणती मदत मिळू शकेल? (लातूर)

उत्तर : ताई, प्रथम सहीविषयी. मुले आईच्या ताब्यात असतील आणि वडील त्यांची कसलीच जबाबदारी घेत नसतील तर आई नैसर्गिक पालक म्हणून व्यवहार करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली गीता हरिहरन प्रकरणात स्पष्ट केले आहे. मुलाच्या नावे रोखे घेताना आईची सही स्वीकारली गेली नाही, यातूनच ते प्रकरण उभे राहिले होते. अर्जावर ‘पालक’ म्हणून आपणच सही करा, वडिलांच्या सहीच्या जागी ‘विभक्त, मुले माझ्या ताब्यात’ असे लिहा आणि सोबत स्वयंघोषणापत्र जोडा. कोणी नाकारलेच तर नकार लेखी मागा. लेखी मागणी केली की बहुतेक ठिकाणी अर्ज घेतला जातो.

मुलासाठी महिला व बालविकास विभागाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेची चौकशी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करा. अठरा वर्षांखालील, एक पालक असलेल्या मुलांचाही तीत समावेश असून दरमहा २,२५० रुपये मिळतात. मंजुरी बालकल्याण समिती देते. मुलगा आठवीत गेला की एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला त्याला जरूर बसवा. त्याची शाळा सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित असावी आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात. आपल्या स्वतःसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिची उत्पन्नमर्यादा फार कमी असल्याने तहसील कार्यालयात आधी पात्रता तपासून घ्या.

मुलगी व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणार असेल तर २०२४-२५ पासून एक मोठी सोय झाली आहे. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल प्रवर्गांतील मुलींना, प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असल्यास, शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर करावा लागतो. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. निकाल लागल्यानंतर सेवा केंद्रांवर गर्दी होते आणि प्रवेशाची मुदत मोजक्या दिवसांची असते. एका वेळी दोन शिष्यवृत्त्या घेण्यावर काही योजनांत बंधन असते, म्हणून खाजगी मदत घेण्यापूर्वी अटी वाचून पाहा.

हे उत्तर वाचणाऱ्या विश्वस्तांनाही एक विनंती आहे. मुलींच्या बाबतीत शुल्काचा भार जिथे कमी झाला आहे, तिथे उरलेला खर्च खोलीभाड्याचा, खानावळीचा, एसटीच्या पासचा आणि लॅपटॉपचा असतो. शिष्यवृत्ती ‘केवळ शुल्कासाठी’ अशी बांधून ठेवली तर या मुलींना ती असून नसल्यासारखी होते. रक्कम जून-जुलैत, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यात जमा करावी. जानेवारीत स्मृतिदिनाच्या कार्यक्रमात धनादेश दिला जातो तोपर्यंत आईने कोणाकडून तरी व्याजाने पैसे उचललेले असतात.

प्रश्न : माझ्या पत्नीचे निधन झाले असून दोन मुलींना मी एकटा वाढवतो. अशा शिष्यवृत्त्या फक्त विधवांच्या मुलांसाठी असतात का? (रत्नागिरी)

उत्तर : काहींच्या नियमावलीत तसे शब्द असतात, आणि तेथे इलाज नाही. ‘एकल पालक’ असा शब्द असेल तर आपल्या मुली निःसंशय पात्र आहेत. अर्ज करताना संकोच करू नये. बालसंगोपन योजनेतही एक पालक म्हणजे केवळ आई, असा अर्थ नाही.

प्रश्न : मला मिळालेल्या शिष्यवृत्तीच्या कार्यक्रमात वडिलांच्या मृत्यूविषयी व्यासपीठावरून बोलायला सांगितले गेले. नकार दिला असता तर शिष्यवृत्ती गेली असती का? शिवाय दुसऱ्या वर्षी माझा एक विषय राहिला आहे. (पुणे, अभियांत्रिकीचा विद्यार्थी)

उत्तर : नियमावलीत तशी अट नसेल तर नकारामुळे शिष्यवृत्ती काढून घेता येत नाही. पुढच्या वेळी कार्यक्रमापूर्वीच ‘मी माझ्या अभ्यासाविषयी बोलेन, घरच्या प्रसंगाविषयी बोलू इच्छित नाही’ असे दोन ओळींचे पत्र द्या. देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, दात्यांना समाधान वाटावे म्हणून ते असे करतात. परंतु एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने आपले दुःख शंभर अनोळखी माणसांसमोर मांडून मदतीची परतफेड करावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे, आणि विश्वस्तांनी ती सोडावी असे मी या स्तंभातून आग्रहाने सांगतो. दात्याला विद्यार्थ्याची प्रगती कळावी ही अपेक्षा रास्त आहे. त्यासाठी वर्षातून एकदा गुणपत्रिका आणि एक पत्र पुरते.

राहिलेल्या विषयाबद्दल आजच विश्वस्तांना कळवा, लपवू नका. आपल्याकडे स्मृती-शिष्यवृत्तीची जुनी परंपरा गुणवत्तेची आहे. संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती तिचे सर्वांत मानाचे उदाहरण असून १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली होती. तेथे पहिला क्रमांक हाच निकष असणे योग्य आहे. आधारासाठी असलेल्या शिष्यवृत्तीला तो निकष लावला तर, संध्याकाळी दुकानात काम करून अभ्यास करणारा मुलगा पहिल्याच अडखळीला बाहेर फेकला जातो. एका वर्षी विषय राहिला तर रक्कम चालू ठेवावी, शिकवणीची सोय करून द्यावी, आणि सलग दुसऱ्या वर्षीही तसेच झाले तर भेटून कारण समजून घ्यावे, अशी तरतूद नियमावलीत असणे आवश्यक आहे. आपल्या न्यासाच्या नियमावलीत ती नसल्यास हा परिच्छेद त्यांना दाखवा.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी अमेरिकेत राहतो. मी तेथील नागरिक आहे, पत्नीकडे भारतीय पारपत्र आहे. सासऱ्यांच्या नावाने कोल्हापुरातील संस्थेला अशा शिष्यवृत्तीसाठी देणगी देता येईल का? (न्यू जर्सी)

उत्तर : देता येईल, मात्र दोघांच्या देणगीला नियम वेगळे आहेत. भारतीय नागरिक असलेल्या व्यक्तीने परदेशातील स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकिंग मार्गाने दिलेली रक्कम परदेशी देणगी मानली जात नाही. पत्नीने पारपत्राची प्रत देऊन ती पाठवावी. परदेशी नागरिकत्व घेतलेली व्यक्ती मूळची भारतीय असली आणि तिच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरी तिची देणगी परदेशी ठरते. ती स्वीकारण्यासाठी संस्थेकडे २०१० च्या परदेशी देणगी नियमन कायद्याखालील (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असावी लागते आणि रक्कम नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील विहित खात्यातच यावी लागते. लहान संस्थांकडे बहुधा ही नोंदणी नसते. कोल्हापूरच्या संस्थेकडेही ती नसेल तर संपूर्ण देणगी पत्नीच्या उत्पन्नातून व तिच्याच खात्यातून द्यावी. संयुक्त खात्यातून पाठवू नये, कारण हिशेबतपासणीच्या वेळी त्याचा खुलासा संस्थेला करावा लागतो.