तिळ्यांच्या गरोदरपणात वार (प्लासेंटा) दोन की तीन, यानं एवढा काय फरक पडतो?

तुम्ही जांबोटीकडून लिहिलंय: वहिनींना बारावा आठवडा, टेस्ट ट्यूबच्या उपचारात गर्भ दोनच सोडले होते आणि सोनोग्राफीत तिळी निघाली. रिपोर्टवर ‘डीसीटीए’ लिहिलंय आणि आई म्हणतात, पोरं तीन ती तीनच, वार किती का असेनात. मी बेळगावात प्रसूती विभागात नर्स आहे, माहिती आहे तेवढं सांगते.

डीसीटीए म्हणजे तिघांच्या पाण्याच्या पिशव्या वेगळ्या, पण वारा दोनच. एका बाळाची स्वतःची, उरलेल्या दोघांत मिळून एक. सोडलेल्या दोनांपैकी एक गर्भ पुढं दुभंगला की असं होतं. तेव्हा ‘तिसरं कुठनं आलं’ म्हणून दवाखान्यावर संशय घेऊ नका.

काळजी आहे ती या जोडीची. वार एकच असल्यानं दोघांच्या रक्तवाहिन्या तिच्यात एकमेकींना जोडलेल्या असतात. बहुतेक वेळा देवघेव बरोबरीत चालते. ती एकतर्फी झाली, की देणाऱ्या बाळाची लघवी कमी होऊन त्याचं पाणी आटतं, घेणाऱ्याच्या पिशवीत पाणी भरत जातं आणि त्याच्या हृदयावर ताण येतो. म्हणून 16व्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला सोनोग्राफी, एकही चुकवायची नाही. वेळेत कळलं तर लेसरनं त्या वाहिन्या बंद करता येतात, पण ते मोजक्याच मोठ्या केंद्रांत होतं. कुठं पाठवणार हे आत्ताच विचारून ठेवा.

जोडीतलं एक पोटातच दगावलं, तर दुसऱ्याचं रक्त एकदम तिकडं ओढलं जाऊन त्याच्या मेंदूला, जिवालाही धोका होतो. स्वतंत्र वारेचं तिसरं बाळ यातून सुटतं, पण जोडीसाठी लवकर प्रसूती करायची वेळ आली की तेही अपुऱ्या दिवसांचंच बाहेर येतं. हा जोडीचा धोका तीन वारा असत्या तर नसता. अपुरे दिवस, कमी वजन, आईचं बीपी आणि रक्त कमी होणं मात्र तिथंही असतंच. तिघांत एकच वार हे क्वचित, आणि सगळ्यांत अवघड. एक बाळ कमी करायचा विषय निघाला तरी वारच आधी बघतात, कारण जोडीतल्या एकाला इंजेक्शन दिलं तर त्याचा फटका दुसऱ्यालाही बसतो.

वारांची संख्या 14 आठवड्यांच्या आत सगळ्यांत नीट कळते. शेजारच्या दोन वारा एकच दिसू शकतात. त्यांच्यामधला पडदा वारेपाशी जाड, त्रिकोणी दिसला तर वारा वेगळ्या. तो त्रिकोण पुढं पुसट होतो. परदेशात उशिरा तपासताना मुलगा-मुलगी बघूनही अंदाज घेतात, एक मुलगा आणि एक मुलगी असली तर वारा वेगळ्या. आपल्याकडं 1994च्या कायद्यानं ते बंद आहे, आणि असावंच. म्हणून आत्ताचा रिपोर्ट जपा, तायी कार्डात (गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातनं मिळणारं कार्ड) त्याची झेरॉक्स ठेवा. कुठलं बाळ डावीकडं, कुठलं वर, हेही त्यात लिहून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी अदलाबदल होत नाही.

ॲस्पिरिनच्या छोट्या गोळीबद्दल डॉक्टरांना याच भेटीत विचारा. बेळगावच्या जेएनएमसी या मेडिकल कॉलेजचा सहभाग असलेल्या, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिनं अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती कमी झाल्या. पण तो पहिलटकरणींचा, एकाच बाळाचा अभ्यास होता, त्यामुळं मनानं सुरू करू नका.

सगळं सुरळीत गेलं तरी अशा तिळ्यांची प्रसूती साधारण 35व्या आठवड्याला ठरवतात, आणि पुष्कळ जणी त्याआधीच बाळंत होतात. नवजात विभागात तीन काचपेट्या एका वेळी मिळतील का, हे नाव घालतानाच विचारा. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस तुम्हाला मी काय सांगायचा. सातवा लागला की वहिनींना बेळगावात कुणा पावण्यांकडं आणून ठेवा. आणि त्याआधी कधीही दोन-चार दिवसांत पोट एकदम ताणलं, धाप लागायला लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच निघा.