सुपरवायझर झालोय, टार्गेटही गाठायचंय. मग कामगारांना धरून चालणारा प्रमुख कसं व्हायचं?

रोज ठरलेल्या वेळी शॉप फ्लोअरवर, म्हणजे जिथे प्रत्यक्ष उत्पादन चालतं तिथे, जा, उत्पादनाचा आकडा विचारण्याआधी "आज काम कुठे अडतंय?" हे विचारा आणि ऐकलेल्यांपैकी एखादी अडचण लगेच सोडवून दाखवा. नुसती फेरी मारली तर ती तपासणीच वाटते. फिक्स्चर (काम करताना भाग पक्का धरणारी चौकट) सैल आहे, सुट्या भागांचा बिन हाताला लागत नाही, अशा बारीक तक्रारींपासून सुरुवात करा. त्या सुटल्या की मोठ्या आपोआप बाहेर येतात. हे नुसतं चांगुलपणाचं बोलणं नाही, याला दाखला आहे. कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी आणि सततच्या भांडणांसाठी बदनाम होता, १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा बहुतेक कामगार जुनेच घेतले होते. बदलली ती पद्धत: दोष दिसला की कामगाराने इशाऱ्यासाठी लावलेली दोरी ओढायची, टीम लीडरने मदतीला यायचं, गरज पडली तर उत्पादनाची लाइन थांबायची. गैरहजेरी खूप घटली, गाड्यांचा दर्जा सुधारला. (दोरी ओढणाऱ्यावर पहिल्याच दिवशी कुणी ओरडलं असतं तर ती पुढे शोभेलाच उरली असती.)

एक मात्र सांभाळा. माणसं जपणं म्हणजे सगळं चालवून घेणं नव्हे. गार्ड (मशीनवरचं सुरक्षेचं झाकण) काढून मशीन चालवणारा कितीही जुना आणि लाडका असला, तरी मशीन तिथेच बंद करायला लावा. कारण नंतर शांतपणे विचारा. बहुतेक वेळा गार्डमुळे काम अडत असतं, ते दुरुस्त करणं तुमचं काम.