‘मी भेद मानतच नाही’ आणि विविधतेचा पेपर

दापोली तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलंय. ती समुपदेशनाची पदविका करते. तिचं म्हणणं थोडक्यात असं: ‘या सत्रात विविधता आणि समावेशन हा पेपर आहे. पुस्तकात सगळं अमेरिकेतलं, गोरे आणि काळे. आपल्याकडे तसं नाही, आणि मी तर भेद मानतच नाही. प्रॅक्टिकम (प्रत्यक्ष कामाचा सराव) हर्णैजवळच्या हायस्कुलात आहे, रिफ्लेक्टिव्ह जर्नल (आपल्या कामाकडे मागे वळून बघणारी वही) लिहायचंय. त्यात लिहू काय? बाबा विचारतात, या विषयावर नोकरी मिळते का? आणि पुढचं एम.ए. दूरशिक्षणानं केलं तर चालेल का?’

‘मी भेद मानतच नाही’ हे तू मनापासून लिहिलं आहेस. जर्नलची सुरुवात याच वाक्यापासून कर आणि ते तपासून बघ.

शाळेत नव्या मुलाला बोलतं करायला आपल्याकडे एक प्रश्न सहज तोंडातून निघतो: ‘गणपतीत काय मजा केली?’ समोरचा मुलगा बौद्धवाडीतला असेल, मोहल्ल्यातला असेल किंवा आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबातला असेल, तर तो ‘काही नाही’ म्हणतो आणि गप्प होतो. तुझ्या मनात काहीच वाईट नव्हतं. तरी त्याला कळलं, की या खोलीतल्या ‘आपल्यांत’ तो धरलेला नाही. अशा बारीक टोचणीला मायक्रोअ‍ॅग्रेशन म्हणतात. चेस्टर पिअर्स या कृष्णवर्णीय अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं १९७० मध्ये हा शब्द रूढ केला. शब्द तिकडचा असला तरी टोचणी इथलीच आहे. त्यापेक्षा ‘सुट्टीत घरी कोण कोण असतं, दिवस कसा जातो?’ असं विचार. आणि चुकून तो प्रश्न गेलाच, तर लगेच दुरुस्त कर: ‘तुमच्याकडे गणपती असतो असं मी धरूनच चालले, ते चुकलं. तुमच्याकडे कोणता सण मोठा?’ इतकंच पुरे. लांबलचक माफी मागितलीस, तर उलट त्यालाच तुझी समजूत काढत बसावं लागतं.

आता पुस्तकाचं. वेगळ्या संस्कृतीतल्या माणसाबरोबर काम करायला समुपदेशकाला काय यावं लागतं, याची डेराल्ड विंग स्यू या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी १९८२ आणि १९९२ मध्ये मांडलेली तीन अंगं पक्की कर: स्वतःच्या धारणांची जाण, समोरच्याच्या जगाची माहिती आणि त्यानुसार वागण्याचं कौशल्य. विद्यार्थी मधल्या अंगात अडकतात. कोळी असे, कुणबी असे, मुसलमान तसे, अशी माहितीची यादी पाठ करतात आणि मग समोरच्या माणसाऐवजी त्या यादीशीच बोलत राहतात. माहितीनं प्रश्न सुचावेत, उत्तरं ठरू नयेत. टर्व्हलॉन आणि मरे-गार्सिया या अमेरिकी डॉक्टरांनी १९९८ मध्ये ‘सांस्कृतिक नम्रता’ ही कल्पना मांडली, म्हणजे स्वतःला तपासत आणि समोरच्याकडून शिकत राहायचं, जन्मभर. ती मला या पेपरातली सगळ्यात उपयोगी गोष्ट वाटते, कारण ‘मला आता सगळं कळलं’ ही पायरीच ती येऊ देत नाही.

या नावांच्या शेजारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची ‘श्रेणीबद्ध विषमता’ लिहून ठेव. त्यांचं मूळ गाव आंबडवे तुझ्या शेजारच्या मंडणगड तालुक्यात आहे आणि २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह महाडला झाला. उतरंडीत जवळजवळ प्रत्येक जण कुणाच्या तरी वर आणि कुणाच्या तरी खाली असतो, हे लक्षात घेतलं की ‘अत्याचारी’ आणि ‘पीडित’ अशा दोनच खणांत माणसं भरावी लागत नाहीत. तुला स्वतःलाही त्या उतरंडीत कुठेतरी उभं राहावं लागतं.

ते करायची रीत अशी. मानसशास्त्रज्ञ पामेला हेज यांचा ‘अ‍ॅड्रेसिंग’ नावाचा आराखडा आहे. वय, अपंगत्व, धर्म, वंश, आर्थिक स्थिती, लैंगिक कल, आदिवासी वारसा, राष्ट्रीयत्व आणि लिंग असे त्याचे घटक. त्यात आपल्याकडच्या ओळी घाल: जात, वाडी, बोली, जमिनीचा मालक की कूळ, मुंबईला कुणी कमावतं आहे का. प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने आख: इथे मला फायदा, इथे मला त्रास, याचा मी कधी विचारच केला नाही. तिसरा रकाना सर्वांत जास्त भरेल, आणि तुझ्या जर्नलचा माल त्यातच आहे. नोंद करताना काय घडलं ते दोन ओळींत, मग मी काय गृहीत धरलं, ते माझ्यात कुठून आलं आणि पुढच्या वेळी नेमका कोणता शब्द बदलीन, एवढं लिही. ‘खूप शिकायला मिळालं’ असलं वाक्य सुपरव्हायजरच्या काही कामाचं नसतं.

आडनावावरून अंदाज बांधू नकोस. गावावरून पडलेलं ‘-कर’ आडनाव कोकणात अनेक जातींत असतं, कोकणी मुसलमानांतही असतं. जात तक्रारीशी जोडलेली आहे असं वाटलं, तर मोकळं दार ठेव: ‘वर्गात किंवा वाडीत तुझ्या घराबद्दल, समाजाबद्दल कुणी काही बोलतं का?’ मुलानं ‘नाही’ म्हटलं तर तिथेच थांब. हा विषय पुढे कधीतरी तोच काढेल, कारण इथे तो चालतो हे त्याला कळलेलं असतं.

पालक आले की ‘बाहेरचं झालंय’, ‘अंगात येतं’, ‘देवाला कौल लावला’ हे ऐकशील. हसू नकोस, आणि लगेच समजावायलाही जाऊ नकोस. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी ग्रंथात सांस्कृतिक मुलाखतीचे १६ प्रश्न दिले आहेत. त्यांचा गाभा आपल्या भाषेत असा: घरात याला काय म्हणता? कशामुळे झालं असं वाटतं? आतापर्यंत कुठे कुठे दाखवलं? सगळ्यांत जास्त काळजी कशाची वाटते? देवाला गाऱ्हाणं घालून घरच्यांना धीर येत असेल, तर ते उपचारांच्या आड येत नाही. पण भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरानं बांधणं, मारहाण करणं हा २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तिथे तटस्थ राहायचं नाही.

समावेशन म्हणजे गोड बोलणं अशी एक समजूत आहे. खरं तर त्यातलं बरंचसं व्यवस्थेचं काम असतं. हर्णैत मासळीच्या लिलावाच्या वेळेला मच्छीमार घरातली आई भेटीला येणार नाही. ती आली नाही म्हणून वहीत ‘पालक उदासीन’ लिहिलंस, तर चूक तुझी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा घरात पुरुष भेटतात, आणि हातात पैसा नसल्याचा ताणही तेव्हाच असतो. मुंबईला असलेले वडील शिमग्याला किंवा गणपतीला येतात. कुटुंबाची एकत्र बैठक तेव्हाच जमव. कातकरी कुटुंब वीटभट्टीवर कामाला गेलं, की मुलाची शाळाही सुटते आणि तुझी बैठकही. म्हणून ते निघायच्या आधी दोन-तीन भेटींतच पुरं होईल असं काम आख. दहा बैठकांचा आराखडा तिथे कागदावरच राहतो.

दुभाष्या लागला, तर घरातल्या मुलाला त्या जागी बसवू नकोस. आईचं दुःख मुलाच्या तोंडून वदवून घेणं दोघांवरही अन्याय आहे. ऐकू न येणाऱ्या मुलासाठी भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा, ‘आईला त्याच्या खुणा कळतात’ एवढ्यावर भागवू नये. दुभाष्याशी आधी दहा मिनिटं बोलून गोपनीयतेचं ठरव. त्याला क्लायंटच्या, म्हणजे समुपदेशनाला आलेल्या माणसाच्या, किंचित मागे बसव. मुलाला ऐकू येत नसेल, तर मात्र दुभाष्याचे हात त्याला दिसतील असं तुझ्या शेजारी बसव. बोलताना क्लायंटकडे बघ, एका वेळी एक-दोन वाक्यंच बोल, आणि वेळ जवळपास दुप्पट धर.

गावात गुपित राहणं कठीण. ‘कुणाची गं तू?’ हा प्रश्न तुलाही येणार. एवढंच म्हण: ‘अमुक गावची. इथलं बोलणं माझ्या घरी जात नाही.’ क्लायंट नात्यातला किंवा भावकीतला निघाला, तर सुपरव्हायजरला सांगून दुसऱ्याकडे पाठव. नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक लिही, वही कुलपात ठेव. गोपनीयतेची मर्यादा मात्र पहिल्याच भेटीत सांग. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. हे आधी न सांगता नंतर कळवलंस, तर मुलाला तो दगा वाटेल.

‘याला बदलून द्या’ म्हणत समलैंगिक मुलाला घेऊन पालक आले, तर उत्तर तयार ठेव. हा आजार नाही, हे भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये जाहीर केलंय. असे ‘बदलण्याचे’ उपचार करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये कळवलं. काम करायचं ते पालकांच्या भीतीवर आणि मुलाच्या सुरक्षिततेवर. मूल जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोललं, तर त्याला एकटं सोडू नकोस. सुपरव्हायजरला लगेच कळव आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक हाताशी ठेव.

आता बाबांचा प्रश्न. नुसत्या या पेपरावर नोकरी नाही, हे त्यांना स्पष्ट सांग. समुपदेशक म्हणून जागा असतात त्या शाळा-महाविद्यालयांत, सरकारी रुग्णालयांच्या आयसीटीसी (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी) केंद्रांत, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात, महिलांसाठीच्या सखी केंद्रांत, संस्थांत. प्रत्येक जागेची पात्रता वेगळी असते, जाहिरात नीट वाचावी. या कामांत रोज जी माणसं समोर येतात, त्यांच्यासाठीच हा पेपर आहे. अनुभव वाढल्यावर आणखी एक वाट आहे. १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कामाच्या ठिकाणी २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार अंतर्गत समिती लागते, तीत बाहेरचा एक सदस्य हवा. लोट्यासारख्या औद्योगिक वसाहतीत हे काम करता येतं, पण कायद्याचं स्वतंत्र प्रशिक्षण घेऊनच. ‘विविधता तज्ज्ञ’ करून देणारे आठवड्याभराचे कोर्स जोड म्हणून ठीक. त्यांनी समुपदेशक होता येत नाही.

दूरशिक्षणाचा विचार सोड. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राला दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं नवे प्रवेश देऊ नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं (युजीसी) कळवलं आहे. तेव्हा कुणी तसा प्रवेश देऊ केला तर पैसे भरू नकोस. नियमित एम.ए. निवडताना दोनच गोष्टी आधी विचार: प्रत्यक्ष क्लायंटबरोबर किती तास, आणि त्यावर सुपरव्हिजन किती तास. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिची नोंदणी लागते. नुसतं एम.ए. त्यासाठी पुरत नाही.

हायस्कुलात पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांकडे तळमजल्यावरची, दार बंद होणारी खोली माग. आणि लांबच्या वाडीतली मुलं कोणत्या एसटीनं परततात ते विचारून घे. भेटीच्या वेळा त्या गाडीच्या आधी संपतील अशा लाव.