घोडे कमी, दांडा लांब

प्रश्न : ताई, नमस्कार. शेजारच्या निवृत्त गृहस्थांकडून आम्ही १९७९ सालची कॅटलिना २२ शिडाची बोट ट्रेलरसकट घेतली. सध्या ती आमच्या ड्राइव्हवेवर ताडपत्रीखाली उभी आहे आणि एचओएची (घरमालकांच्या सोसायटीची) प्रेमपत्रं येऊ लागली आहेत. शिडं बरी आहेत. मागे टांगलेलं ९.९ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन मात्र दोरी ओढून ओढून खांदा निखळला तरी सुरू होत नाही. मेकॅनिकने हात टेकले. दुकानदार म्हणतो, तेवढ्याच ताकदीचं नवं फोर-स्ट्रोक घ्या. नवरा म्हणतो, इलेक्ट्रिक घेऊ. हे बदलायचं काम आम्ही दोघं घरच्या घरी करू शकतो का? मुंबईत असताना नळाचा वायसरसुद्धा प्लंबरकडून बदलून घेतलाय, हे आधीच सांगते. बोट चेसापीक बेमध्ये चालवायची आहे.
– एक वाचक, कोलंबिया, मेरीलँड

उत्तर : करू शकता. वायसर बदलण्यापेक्षा फार अवघड नाही, फक्त जड आहे. पण आधी दुकानदाराचा विषय संपवू.

तुम्हाला ९.९ नको. ५ किंवा ६ हॉर्सपॉवर पुरे. तुमच्या बोटीची पाण्यालगतची लांबी साधारण १९ फूट ४ इंच आहे. पाणी कापत जाणाऱ्या अशा बोटीचा वेग मशीन ठरवत नाही, लांबी ठरवते. फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ काढा, त्याला १.३४ने गुणा, उत्तर नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, येतं. तुमचं येईल ५.९. तिथे पोचली की बोट स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात बसते आणि पुढची सगळी ताकद तो खळगा आणखी खोल करण्यात जाते. शांत पाण्यात ४ हॉर्सपॉवरसुद्धा तुम्हाला ५ नॉटच्या आसपास नेईल. ६ घ्यायचं ते समोरून वारा आणि ओहोटी एकदम अंगावर आली तर हाताशी काही असावं म्हणून. त्यापुढचं म्हणजे रिक्षाला ट्रकचं इंजिन.

ताकद फुकट गेली तर फक्त पैसे जातात. वजन मात्र दर वेळी बोटीवर बसतं. ६ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक मशीन २५ ते २८ किलोंच्या घरात असतं, ९.९चं ४०च्या आसपास किंवा वर. हे वजन बोटीच्या आत नसतं, मागच्या टोकाच्याही बाहेर, मशीन खालीवर करणाऱ्या ब्रॅकेटवर लटकतं. त्यात तुम्ही दोघं कॉकपिटमध्ये बसलात, पेट्रोलची टाकी आणि डबे मागेच ठेवलेत, की पिछाडी बसते, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आकाशाकडे बघू लागते आणि शिडावर चालणारी बोट रडतखडत जाते. मी ॲनापोलिसच्या बोटयार्डात नोकरी केली, तिथे अशी जड मशीनं उतरवून हलकी चढवायला येणारे लोक नेहमीचेच होते.

आता महत्त्वाचं. मशीनच्या दांड्याची, म्हणजे मशीन टेकतं तिथून खाली पंख्याकडे जाणाऱ्या भागाची, लांबी. आउटबोर्ड, म्हणजे मागे टांगायची ही मशीनं, १५, २० आणि २५ इंचांच्या दांड्यात मिळतात. छोट्या डिंगीला चालणारं १५ इंची तुम्हाला कुणी स्वस्तात देऊ करेल. घेऊ नका. पंख्याच्या वर एक आडवी पातळ पट्टी असते, ती पाण्याखाली राहिली पाहिजे, नाहीतर पंखा हवा ओढतो. चेसापीक पसरट आणि उथळ आहे, सरासरी खोली जेमतेम २१ फूट. दक्षिणेचा वारा आणि खाली जाणारी ओहोटी समोरासमोर आली की तिथे आखूड, उभ्या लाटा उठतात. शीड उतरवायला तुमच्यापैकी एक जण नाळेकडे जाणार, म्हणजे पिछाडी वर उचलली जाणार, आणि मशीन सगळ्यात जास्त हवं असतं ते नेमकं त्याच वेळी. आखूड दांड्याचा पंखा अशा वेळी हवेत गरगरतो, मशीन किंचाळतं आणि थंड करणारं पाणीही आत ओढलं जात नाही.

म्हणून दुकानात जाण्याआधी टेप घेऊन बोटीच्या मागे उभ्या राहा. जुन्या बोटीवर पाण्याची रेघ शोधावी लागत नाही, तळाच्या रंगाची कड आणि शेवाळाचा डाग सांगतात. ट्रेलरचं तोंड खालीवर करून बोट सरळ पातळीत आणा, ब्रॅकेट पूर्ण खाली करा आणि ज्या फळीवर मशीन बसतं तिच्या वरच्या कडेपासून त्या रेघेपर्यंतची उभी उंची मोजा. समजा ती १६ इंच आली. २० इंची दांड्याची पट्टी पाण्याखाली ४ इंच जाईल. चालतं, पण काठावर पास. २५ इंचीची ९ इंच जाईल. मी २५ घेईन. मात्र घेण्याआधी आणखी दोन गोष्टी बघायच्या : ब्रॅकेट वर घेऊन मशीन कलतं केल्यावर पंखा पाण्याबाहेर येतोय ना, आणि सुकाणू पूर्ण वळवलं तर ते पंख्याला घासत नाही ना. तुमच्या बोटीचं सुकाणू मागच्या भिंतीलाच टांगलेलं असतं, त्यामुळे दुसरी गोष्ट सोडू नका.

पंखा निवडायला मिळाला तर कमी पिचचा मागा. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकेल ते अंतर. काही कंपन्यांचं शिडाच्या बोटींसाठी म्हणून वेगळं मॉडेल असतं : लांब दांडा, ६ इंच पिचचा पंखा आणि दिव्यांची बॅटरी चार्ज करायची सोय. नेहमीचा जास्त पिचचा पंखा हलक्या, वेगात पळणाऱ्या डिंगीसाठी असतो. तुमची बोट टनाहून जड आहे. तिला ढकलायचं आहे, पळवायचं नाही.

ब्रॅकेट जुनंच ठेवू का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. नको. त्या काळातल्या बऱ्याच ब्रॅकेटच्या स्प्रिंगा हलक्या टू-स्ट्रोकच्या हिशेबाने केलेल्या असतात, आणि एव्हाना त्या थकल्याही असतील. नवं घेताना त्यावर किती वजन आणि किती हॉर्सपॉवर लिहिलंय ते वाचा, आणि फोर-स्ट्रोकला चालेल असं स्पष्ट लिहिलेलं असेल तेच घ्या.

खरं काम मशीनचं नाही, त्यामागच्या भिंतीचं. जुनं ब्रॅकेट काढल्यावर बोल्टच्या भोकांत स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा. जुन्या फायबरच्या बोटींत मागच्या भिंतीत दोन थरांच्या मध्ये बऱ्याचदा प्लायवूड असतं. वर्षानुवर्षं भोकातून पाणी झिरपलं की ते कुजतं. तपकिरी पाणी किंवा ओला भुसा आला तर थांबा. प्लास्टिकच्या हातोडीने भोकांभोवती ठोकत जा. टणक आवाज येतो तिथपर्यंत लाकूड चांगलं, थपथप येते तिथे गेलेलं. वीतभर भाग कुजला असेल तर तो आतून काढून नवं प्लाय आणि इपॉक्सी भरता येतं. सगळी भिंत थपथपत असेल तर ते बोटयार्डाचं काम आहे, आणि त्याचा खर्च ऐकून मग मशीन घ्यायचं की नाही ठरवा.

भिंत चांगली निघाली तरी नवी भोकं सरळ पाडून बोल्ट ठोकू नका. बोल्टपेक्षा मोठं भोक पाडा, कडेचं लाकूड थोडं कोरून काढा, घट्ट कालवलेलं इपॉक्सी भरा, वाळू द्या, आणि मग त्या इपॉक्सीच्या मधून बोल्टच्या मापाचं भोक पाडा. बोल्ट लाकडाला शिवत नाही, म्हणून पुढे पाणी झिरपलं तरी लाकूड कुजत नाही. बोल्ट ३१६ स्टेनलेसचे. आतून जाड ॲल्युमिनियमची किंवा फायबरची पट्टी, नुसते वायसर नाहीत. पाणी अडवायला बाहेरून ब्यूटाइल टेप किंवा पॉलिसल्फाइड लावा. दुकानात तुम्हाला कायमचं चिकटणारं पॉलियुरेथेन देतील. पुढे कधी ब्रॅकेट काढावं लागलं तर ते फायबरचा पापुद्रा घेऊन निघेल. पाना धरायला आत सरपटत कोण जाणार ते दोघांपैकी बारीक असेल त्याने ठरवावं.

आता चढवणं. इथे एक धोका आहे. बोट ट्रेलरवर असताना तुम्ही दोघं मशीन घेऊन कॉकपिटच्या मागच्या टोकाला उभे राहिलात तर ट्रेलरचं तोंड वर उचललं जाऊन अख्खी बोट मागे बसू शकते. चाकांना ठोकळे लावा आणि ट्रेलरच्या मागच्या टोकाखाली जॅक स्टँड द्या, किंवा ट्रेलर गाडीला जोडलेला ठेवा. शिडीवर चढून मशीन उचलायला जाऊ नका. डोलकाठी उतरवलेली असणार, म्हणजे बूमला (शिडाखालच्या आडव्या काठीला) कप्पी बांधायची सोय नाही. गॅरेजवाले इंजिन काढायला वापरतात ती छोटी क्रेन भाड्याने मिळते, ती आणा. मशीनला वेगळी दोरी बांधून ती बोटीच्या कडीत अडकवा, मगच ब्रॅकेटवर टेकवा. क्लॅम्पचे स्क्रू हाताने घट्ट करा. पहिल्यांदा चालवल्यावर ते ढिले झालेले सापडतील, पुन्हा घट्ट करा. ती दोरी कायम राहू द्या.

ट्रेलर रस्त्यावर नेताना मशीन ब्रॅकेटवर ठेवायचं नाही. खड्ड्यांत ते ब्रॅकेटला आणि भिंतीला हिसके देत राहतं. दर वेळी काढायचं, गाडीत ठेवायचं. २७ किलो आणि ४० किलो यांतला फरक तेव्हा पाठीला कळतो.

घरी सुरू करून बघायचंच असतं सगळ्यांना. बघा, पण कोरडं नाही. पाण्याचा पंप रबरी पात्यांचा असतो आणि कोरडा फिरला तर ती पाती जळतात. मोठ्या प्लास्टिकच्या पिंपात दांडा बुडवा, पंख्यावरच्या पट्टीच्या वर पाणी येईल इतका. बाजूने पिचकारीसारखी धार आली नाही तर लगेच बंद करा. आणि गॅरेजचं दार उघडं आहे म्हणून गॅरेजमध्ये हे करू नका, धूर विषारी असतो. उघड्यावर, दिवसा. एचओएला आणखी एक पत्र लिहू द्या.

सुरुवातीचे साधारण १० तास मशीन फार दामटायचं नाही. २० तासांच्या आसपास इंजिनचं आणि गिअरचं ऑइल बदला. पुढचं पुस्तिकेत असतं आणि ती वाचायची असते. पेट्रोल १० टक्के इथेनॉलवालं चालेल, १५वालं नाही. महिनाभर बोट उभी राहणार असेल तर पेट्रोलची नळी काढून मशीन चालूच ठेवा आणि कार्ब्युरेटर रिकामा होऊन ते आपोआप बंद पडू द्या. तुमच्या जुन्या मशीनचं हेच राहून गेलं असावं असा माझा संशय आहे. शिळ्या पेट्रोलचा चिकटा कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत बसतो. चेसापीकचं पाणी मचूळ आहे, दर वेळी गोड्या पाण्याने धुवा.

तुमच्या यजमानांचं म्हणणं अगदीच चूक नाही. बोट डीप क्रीक लेकमध्ये असती तर मीही इलेक्ट्रिकच म्हटलं असतं : वास नाही, आवाज नाही, कार्ब्युरेटर नाही. पण १ किलोवॉटच्या आसपासची मोटर तिच्या सोबतच्या बॅटरीवर पूर्ण जोरात तासभर किंवा थोडी जास्त चालते. उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेकडून वादळ चढून येतं तेव्हा तो तास फार लवकर संपतो.

राहिली लाल दोरी. १ एप्रिल २०२१पासून अमेरिकेत २६ फुटांखालच्या मोटरबोटी वेगात चालवताना मशीन बंद करणारी दोरी अंगाला बांधणं कायद्याने आलं. तुमची बोट त्या वेगाला पोचणार नाही. तरीही बांधा. एकटा माणूस पाण्यात पडला आणि बोट ५ नॉटने पुढे गेली, तर ती पोहून गाठता येत नाही.

प्रश्न : देवगडला भावाच्या फायबर होडीला नवं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड लावलंय. बंदरावरचे लोक म्हणतात, सवयीप्रमाणे पेट्रोलात थोडं ऑइल टाकत जा, मशीन टिकतं. टाकावं का?
– एक वाचक, कणकवली

उत्तर : नाही. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलातूनच मिळतं, म्हणून तिथे मिसळतात. फोर-स्ट्रोकचं ऑइल वेगळं, खाली भरलेलं असतं. पेट्रोलात टाकलंत तर प्लग काळा होईल, बाकी काही मिळणार नाही. डब्यावर ‘एफसी-डब्ल्यू’ लिहिलेलं आउटबोर्डचं ऑइल घ्या. आणि बंदरावर अजून टू-स्ट्रोक चालवणारे असतील त्यांना माझा निरोप : स्कूटरचं टू-टी ऑइल आउटबोर्डला नको. स्कूटरचं इंजिन हवेवर थंड होतं, आउटबोर्ड पाण्यावर. त्याला ‘टीसी-डब्ल्यू३’ लागतं. मी वेंगुर्ल्याची आहे, बंदरावरचे सल्ले किती ठाम असतात ते मला ठाऊक आहे. पेट्रोल मात्र आता इथेनॉल मिसळलेलं येतं, ते डब्यात आठवडेच्या आठवडे साठवून ठेवू नका, पाणी ओढतं.

प्रश्न : ६ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक गाडीच्या डिकीत आडवं घालून आणलं. आता दोरी अर्ध्यात अडकते, ओढलीच जात नाही. मशीन गेलं का?
– एक वाचक, शिकागो

उत्तर : बहुधा नाही, पण जोर लावू नका. चुकीच्या कुशीवर ठेवल्यामुळे ऑइल सिलिंडरमध्ये गेलं असेल, आणि ऑइल दाबलं जात नाही. मशीन उभं करा. स्पार्क प्लग काढा, त्याची वायर इंजिनच्या धातूला टेकवून ठेवा, भोकावर फडकं धरा आणि मशीन बंद करणाऱ्या लाल दोरीची क्लिप काढून सुरू करायची दोरी हळूहळू ओढा. फडक्यावर ऑइल येईल. यायचं थांबलं की प्लग पुसून बसवा, ऑइलची पातळी बघा, कमी असेल तेवढं घाला. सुरू केल्यावर थोडा वेळ पांढरा धूर निघेल. कोणती बाजू खाली ठेवायची याचं चित्र बहुतेक मशीनच्या झाकणावर चिकटवलेलं असतं.