इंदूरमध्ये काळ्या गाडीवरचे गोल ओरखडे पॉलिशने जातात का?

जातात, बहुतेक. उन्हात जे कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं, ते वरच्या क्लिअर कोटमध्येच, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरातच असतं. हा थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा. करेक्शनमध्ये, म्हणजे पॉलिशने ओरखडे काढताना, त्यातलाच थोडा घासून सपाट करतात, म्हणून हे दरवर्षी करायचं काम नव्हे. नख अडकतं तो ओरखडा मात्र पूर्ण जाणार नाही.

दुकानात आधी विचारा, पेंटची जाडी मीटरने मोजता का? नाही म्हणाले तर पोहे खाऊन घरी या. फिलरवालं पॉलिश ओरखडे नुसते झाकतं, चार-सहा धुण्यांत ते परत दिसतात. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे वरून संरक्षक थर, करायचं तर करेक्शननंतरच.

आणि सकाळी कोरड्या फडक्याने धूळ पुसणाऱ्या भैयांना थांबवा. माझ्या गाडीची वाट तिथेच लागली.